रुळापुढच्या दांडीबाबत युस्तीना पेर्तोत हिचा जबाब

रोयान पोलीस ठाणे, ट्रिएस्ट. दिनांक १० मार्च १९११, शुक्रवार, सकाळी दहा वाजता.

मी युस्तीना लोव्रेन्त्स पेर्तोत, वय ३६ वर्षे, अविवाहित, धंदा वाफेच्या धुलाई कारखान्यात चादरी इस्त्री करणे, राहणार बारकोला, चर्चच्या वरची गल्ली. ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की, कारखान्याचे मालक श्री. एजिदियो बेल्त्रामिनी यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. यंत्रात परवानगीशिवाय फेरफार करणे, यंत्राचे नुकसान करणे, पाहुण्यांसमोर मालकाचा अपमान करणे आणि बायकांना काम बंद करायला चिथावणे असे चार आरोप तीत आहेत. पैकी पहिला खरा आहे. बाकीच्यांबद्दल खाली सांगते.

मी या कारखान्यात चौदा वर्षे आहे. बंदरातल्या आगबोटींच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. इस्त्रीची चार यंत्रे आहेत. प्रत्येकात एकावर एक दोन रूळ असतात, त्यातला खालचा वाफेने तापतो. ओलसर चादर दोन्ही हातांनी ताणून रुळांच्या फटीत द्यायची, पलीकडून ती सुकून, कडक होऊन निघते. रूळ छताखालच्या पट्ट्यावर फिरतात. चादर देताना बोटे फटीपासून चार अंगुळांवर असतात. चादरीची कड दुमडली तर ती सरळ करायला बोटे आणखी पुढे जातात.

दिनांक १७ नोव्हेंबर १९०८ रोजी, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास माझी धाकटी बहीण उर्शुला, तेव्हा वय २४, दोन नंबरच्या यंत्रावर होती. तिचा उजवा हात चादरीबरोबर आत गेला. मी चार नंबरवर होते. फानी श्केर्क या बाईने बांबूने चाकावरून पट्टा पाडला, त्यानंतर रूळ थांबले. मालकांनी त्या दिवशी चौकशी केली आणि उर्शुला शेजारणीशी बोलत होती असे ठरवले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर बोलण्याला मनाई असल्याची पाटी लागली. उर्शुला बोलत नव्हती. ती चादरीची कड सरळ करत होती. अंगठा आणि त्याशेजारचे बोट एवढेच तिच्या उजव्या हाताला राहिले आहे. पुढच्या ईस्टरनंतर तिचे लग्न ठरले होते. ते झाले नाही. त्याबाबत मला जास्त काही सांगायचे नाही.

दांडीची कल्पना कोणाची असे मला विचारण्यात आले. ती माझी आहे. चादरीची दुमडलेली कड कितीही जाड झाली तरी हाताएवढी जाड होत नाही, हे मला त्या हिवाळ्यात सुचले. मग फटीपुढे एक हलकी आडवी दांडी टांगायची, चादर तिच्याखालून सहज जाईल इतकीच जागा ठेवायची. हात आला की दांडी उचलली जाईल. दांडी उचलली की तिला जोडलेली सळई पट्ट्याला शेजारच्या मोकळ्या चाकावर ढकलेल, आणि रुळाला मिळणारी ओढ तुटेल. यात शिकलेल्या माणसाला कळू नये असे काही नाही, आणि न शिकलेल्यालाही कळू नये असे काही नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला आन्द्रेय सांत्सिन राहतात, वय ७१, पूर्वी जहाजांचे सुतार. त्यांच्याकडे हाताने फिरवायचे जुने रूळ होते. त्यांच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, आम्ही दर रविवारी चर्चहून आल्यावर काम केले. माणसाचा हात घालून बघता येत नाही, म्हणून मी जुन्या हातमोज्यात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पोलेंटा भरत असे. सुरुवातीचे मोजे फुटले. सांत्सिन काका म्हणाले, "युस्तीना, तुझ्या या शोधापायी माझ्या कोंबड्या लठ्ठ व्हायला लागल्या." सातव्या की आठव्या रविवारी रूळ थांबले. आकृती उर्शुलाने काढली, डाव्या हाताने. तिला त्यात तीन आठवडे लागले. पहिल्या दोन तिने फाडल्या. मी म्हणाले, चालतील की. ती म्हणाली, "तुला चालतील. मला नाही चालत."

दिनांक २६ एप्रिल १९०९ रोजी मी ती आकृती घेऊन मालकांच्या खोलीत गेले. त्यांनी ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि विचारले, कोणी काढली? मी बहिणीचे नाव सांगितले. कोणती बहीण, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. ते म्हणाले, ठेवून जा, सवडीने बघतो. मी ठेवून आले. ती माझी चूक होती आणि ती मी कबूल करते.

त्याच उन्हाळ्यात आम्हाला आमच्या कामातली खोट कळली. अंगणातले रूळ लहान होते, म्हणून लगेच थांबत. कारखान्यातले रूळ जड आहेत. पट्टा सरकला तरी आधीच्या वेगाने ते आणखी पाव फेरा फिरतात, आणि तेवढ्यात हात जातो. उतारावरून गाडी खाली आणताना चाकाला लाकडी ठोकळा दाबतात, तसा ब्रेक रुळाला हवा होता. दांडी उचलताच तो आपोआप बसला पाहिजे. हे सांगायला मी पुन्हा मालकांकडे गेले. ते म्हणाले की आकृती कुठेतरी गहाळ झाली, आणि मी वेळ वाया घालवू नये.

या वर्षी जानेवारीत बाहेरचे मिस्त्री आले आणि त्यांनी चारही यंत्रांवर दांड्या बसवल्या. प्रत्येक यंत्रावर पितळी पाटी लागली. पाटीवर 'बेल्त्रामिनी' आणि व्हिएन्नाहून मिळालेल्या पेटंटचा क्रमांक होता. छापील आकृती चौकटीत घालून दाराशी लावली होती. मी ती पाहिली. ती उर्शुलाचीच होती, फक्त रेघा सरळ केल्या होत्या. तिच्यात उजवीकडे वर एक खुंटीही होती. ही खुंटी दांडीशी, सळईशी, चाकाशी कशाशीच जोडलेली नाही. अंगणातल्या रुळाच्या चौकटीला सांत्सिन काकांनी टोपी अडकवायला ती ठोकली होती. उर्शुलाने समोर दिसले ते सगळे काढले. मालकांनीही सगळे उतरवून घेतले. चारही यंत्रांवर मिस्त्र्यांनी ती खुंटी बसवली आहे, पितळेची.

मी त्याच दिवशी मालकांना सांगितले की पाटी कोणाची ते नंतर पाहू, पण ब्रेकशिवाय ही दांडी धोक्याची आहे, कारण बायका तिच्या भरवशावर बोटे पुढे नेतील. ते म्हणाले, "व्हिएन्नाच्या इंजिनियरांना दिसलं नाही ते तुला दिसलं का? जा, चादरी वाट बघतायत."

फेब्रुवारीत दुपारच्या सुटीत, मालक जेवायला घरी गेले असताना, सांत्सिन काका आणि मी मिळून चार नंबरच्या यंत्राला ब्रेक बसवला. नासपतीच्या लाकडाचा ठोकळा, त्यावर चामडे, आणि एक स्प्रिंग. तीन दिवस लागले. परवानगी घेतली नाही. मागितली असती तर मिळाली नसती. सांत्सिन काकांना यात ओढू नये अशी माझी विनंती होती, पण आपले नाव जबाबात आलेच पाहिजे असा निरोप त्यांनी पाठवला आहे, म्हणून सांगते.

दिनांक ९ मार्च रोजी, म्हणजे काल, सकाळी अकरा वाजता मालकांनी दांडी दाखवायला सहा पाहुणे बोलावले होते. त्यांत दोन आगबोट कंपन्यांचे होते, एक ग्राझच्या धुलाई कारखान्याचे, आणि सरकारी कारखाना निरीक्षक श्री. हेर्लिंगर होते. मालकांनी दोन नंबरच्या यंत्रात आपल्या छडीचे टोक घातले. दांडी उचलली गेली, पट्टा सरकला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. छडीचे टोक चपटे झाले होते. ते मालकांनी पाठीमागे धरले.

निरीक्षकांनी खुंटीकडे बोट दाखवून विचारले, ही कशासाठी? मालक म्हणाले की ती दांडीचा तोल सांभाळते. मी माझे यंत्र सोडून पुढे गेले आणि म्हणाले, "साहेब, ती टोपी अडकवायची खुंटी आहे. ज्यांची टोपी आहे ते बारकोल्यात राहतात, विचारून या." ग्राझचे गृहस्थ हसले. मालकांनी मला जागेवर जायला सांगितले. मी गेले नाही. अपमान म्हणतात तो हाच असावा.

नंतर मी जेवणाच्या गाठोड्यातून पोलेंटा भरलेले दोन हातमोजे काढले. ते मी घरूनच भरून आणले होते. रागाच्या भरात झाले असे मी म्हणावे, असे मला येथे सुचवण्यात आले. रागाच्या भरात कोणी सकाळी पाच वाजता उठून पोलेंटा शिजवत नाही. पहिला मोजा मी दोन नंबरमध्ये दिला. तो फुटला, पोलेंटा तापलेल्या रुळावर पसरला आणि करपला. यंत्राचे नुकसान म्हणतात ते हे. रूळ मी आणि फानीने दुपारी घासून स्वच्छ केला आहे. दुसरा मोजा मी चार नंबरमध्ये दिला. तो अख्खा बाहेर आला, बोटांच्या टोकांना फक्त खळगे पडले होते.

मालक पाहुण्यांकडे वळून म्हणाले की या बाईने यंत्रात ढवळाढवळ केली आहे, हा गावठी खेळ आहे, मोजा म्हणजे काही हात नव्हे. त्यांचे हे म्हणणे बरोबर होते. मोजा म्हणजे हात नव्हे. म्हणून मी चादर घेतली आणि चादरीबरोबर माझा उजवा हात चार नंबरमध्ये दिला. निरीक्षक 'थांबा' म्हणाले, पण तोवर हात आत गेला होता. रूळ थांबले. मधल्या दोन बोटांची टोके लाल झाली, ती आपण पाहिली आहेत. मला भीती वाटली का असे विचारण्यात आले. वाटली.

हात काढून मी मालकांना म्हणाले, "आता तुम्ही दोन नंबरमध्ये हात घाला. पाटी तुमच्या नावाची आहे."

त्यांनी हात घातला नाही. निरीक्षकांनी वही काढली.

त्यानंतर पहिल्या तीन यंत्रांवरच्या बायकांनी एप्रन काढून रुळांवर ठेवले. मी कोणालाही तसे सांगितले नव्हते. सर्वांत आधी कोणी काढला हे मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही.

आज सकाळी कारखान्याच्या दारावर निरीक्षकांचा हुकूम लागला आहे. ब्रेक बसेपर्यंत एक, दोन आणि तीन नंबरची यंत्रे चालवायची नाहीत. त्याआधी, सकाळी सातच्या सुमारास मालकांचे मुकादम माझ्या घरी आले होते. ते म्हणाले की ब्रेकही मालकांच्याच सांगण्यावरून बसवला असे मी लिहून दिले, तर तक्रार मागे घेतली जाईल आणि मला कामावर ठेवतील. उर्शुला चुलीपाशी उभी होती. मी उत्तर द्यायच्या आत तिने दार उघडून धरले. मुकादम गेले.

दांडीचे पेटंट मालकांच्या नावावर आहे. ते परत मिळेल की नाही मला ठाऊक नाही, आणि त्यासाठी वकील लागतो असे सांगतात. ब्रेकची गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्ज आम्ही १४ फेब्रुवारीला रजिस्टर टपालाने व्हिएन्नाला पाठवला आहे. अर्जावर तीन नावे आहेत: उर्शुला पेर्तोत, युस्तीना पेर्तोत, आन्द्रेय सांत्सिन. उर्शुलाचे पहिले, कारण हाताची किंमत तिने दिली. टपालाची पावती मी दाखवली आहे. ती मी ठाण्यात ठेवून जाणार नाही, हवी तर तिची नक्कल करून घ्यावी.

मला कामावरून काढल्याचे पत्र अजून मिळालेले नाही. सोमवारी मी नेहमीच्या वेळेला कारखान्यात जाणार आहे. दार उघडले नाही तर दारासमोर उभी राहीन.

हा जबाब कारकुनांनी इटालियनमध्ये लिहिला आणि मला स्लोव्हेनमध्ये वाचून सांगितला. अखेरीस 'झाल्या प्रकाराचा मला पश्चात्ताप होतो' असे एक वाक्य होते. कारकून म्हणाले, ते सगळ्यांच्याच जबाबात असते. मी ते बोलले नव्हते. ते माझ्यासमोर खोडले, आणि खोडलेल्या जागी मी सही केली. उरलेले सगळे मी सांगितले तसेच उतरले आहे, त्याखाली ही दुसरी सही.

युस्तीना पेर्तोत