हरला त्यानं उठायचं

न्हाई मावशी, तालीम न्हाई इथं. कुणी सांगितलं तुम्हाला, देवानंदनं? — वस्ताद कोण म्हणता? वस्ताद मीच म्हणा, दुकान माझं हाय. हे डबे दिसतेत ना काचेचे, हाच आखाडा. व्हिडिओ गेम म्हणतेत. पाणी प्या आधी, भोकरदनहून उभ्यानं आलात की काय? — तर तुमचा पोरगा देवानंद यायचा, बराबर, दर रविवारी यायचा अन् कुस्तीच खेळायचा, पण काचेतली. दोन गडी येतेत आत, डाव्या हातानं ही दांडी हलवायची, उजव्यानं बटनं दाबायची, की ते भांडतेत. कुणी लाथा मारतंय, कुणी आग फेकतंय. देवानंद कायम तो टकला पैलवान घ्यायचा. लोक म्हणायचे, मळणीयंत्रात बोटं गेली अन् खरी कुस्ती सुटली ना त्याची? — हां, तो बोलला न्हाई कधी, पण हात दिसायचा की. उजव्या हाताला अंगठा अन् एकच बोट. तेवढ्यावर त्यानं अख्ख्या जुन्या जालन्याला अस्मान दाखवलं, खोटं कशाला बोलू! अन् ते डिंकाचे लाडू खुराकाला तुम्हीच द्यायच्या ना? आम्ही सगळ्यांनी खाल्ले. झकास असायचे.

आता ऐका अन् माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. इथं नियम एकच — जिंकला तो बसून राहणार, हरला त्यानं उठायचं. हेच स्टूल, तुम्ही बसलात ते. देवानंद एकदा बसला की पार दिवेलागणीपर्यंत उठायचा न्हाई. जुन्या गेममधी त्या पैलवानाची पकड एका बटनावर बसायची, अन् धरलं की सुटका न्हाई — धरलं, आपटलं, समोरचा उठतोय तोवर पुन्हा धरलं. तुम्ही कुस्तीच्या घरातल्या, सांगा, डाव तिथं तोड पाहिजे का न्हाई? ज्याला तोडच न्हाई तो रडीचा डाव! मी हेच म्हणायचो. मंग निघाला त्या गेमचा दुसरा भाग. त्यात पकडीला तीन बटनं एकदम दाबावी लागतेत, अन् समोरच्याला निसटायची सोय. मी मुद्दाम औरंगाबादला जाऊन आणला — मुद्दाम म्हणजे, नवीन निघाला म्हणून — अन् मशीनच्या पोटातला गेमचा बोर्ड बदलला. झालं, दोन तट पडले! कापड दुकानातला सर्जेराव म्हणला, पैलवानाची पकडच काढून घेतली तर त्याच्याजवळ राह्यलं काय? शिंगं कापायची अन् म्हणायचं झुंज लाव. आमचा तट म्हणला, आत्ता खरा खेळ झाला. चहाच्या टपरीवर हातघाईवर आली माणसं. सर्जेरावनं माझी कॉलर धरली मावशी, एका गेमपायी! — हसू न्हाई येत तुम्हाला? बरं.

देवानंद मातर कुठल्याच तटात न्हवता. आला, बसला, नवा भाग चालू केला. बोटं पुरेनात. अंगठा आडवा टाकून बघितला, तळहात टाकून बघितला — पैलवान नुसता हवेत हात मारून राह्यला. हरला, उठला. पुन्हा रांगेत थांबला, बसला, पुन्हा उठला. ज्यांना बटनं धड ओळखू येत न्हाईत त्यांनीबी हाणला त्याला. शेवटी मी बसलो. किती दिवस हरत आल्तो मी त्याच्याकडून, माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांपुढं — अन् त्या दिवशी जिंकलो. चितपट! लई बरं वाटलं, काय सांगू. अन् तोंडातून निघून गेलं — ऊठ पैलवान, बोटं उगवली की ये. एवढंच. हसण्यावारी. सगळे हसले, एक सर्जेराव सोडून. देवानंद उठला, लाडवाचा डबा उचलला अन् गेला. त्या दिवशी डबा उघडलाच न्हवता कुणी.

काय म्हणता? — तवापासून? भिंतीकडं तोंड करून पडून असतो? — डॉक्टरला दाखवा की मंग, इथं येऊन काय होणार! — जुना गेम कसा लावू मावशी, तो विकला मी. बिलकुल विकला. — न्हाई, तिकडं काय बघता, त्या पोत्याखाली भंगार हाय सगळं. — बरं, हाय. तोच बोर्ड हाय. सकाळी शटर वर करायच्या आधी लावतो कधीमधी, एकटाच. देवानंदचा पैलवान घेतो. जमत न्हाई मला ती पकड. एकच बटन हाय, माझी धाही बोटं शाबूत हायेत, तरी जमत न्हाई. समोरचा जवळच येऊ देत न्हाई. देवानंद जवळ कसा जायचा, देव जाणे — म्हणजे रडीचा न्हवता तो डाव, असं न्हाई म्हणत मी. जाऊ द्या ते.

एक दिवस कशाला लावू? एक दिवस लावला की तो येणार, इथं बसणार, अन् मंग मी आयुष्यभर त्याच्यामागं उभा! न्हाई. हात नका जोडू, थोरल्या माणसानं हात जोडू नयेत. — हे काय, डबा? त्याच्या दोस्तांसाठी? त्यानं सांगितलं, दोस्त आवडीनं खातेत म्हणून? — न्हाई, नको. न्या तो परत. गिऱ्हाईक येऊन राह्यलं, बघा, तुमची बसबी सुटंल. उठा मावशी. त्या स्टुलावरून उठा म्हणलं ना.