काळी तीन

— नाही लावणार. भीमराजच्या ऑर्गनचे बाकीचे सगळे सूर लावून देतो, भाता तपासतो, चामडं सुटलं असेल तर चिकटवतो, पण काळी तीनला, त्या एका पट्टीला, हात लावणार नाही. बसा तुम्ही. आलाच आहात तर चहा घ्या, सून टाकतेय. तळेगाव चौकात किती अडकलात — पाऊण तास? मग लवकर सुटलात. तुमची गाडी उभी आहे ना, तिथे आमची मटकी यायची. आता कंटेनर वळतात. राहू द्या, विकलं ते आम्हीच, त्याचं रडगाणं मी गात नाही.

नेमकं काय म्हणाला भीमराज? त्याचे शब्द सांगा, तुमचे नको. 'गेनूला सांग, मध्यम लाव.' बरं, म्हणजे तीच काळी तीन. — नाही, थांबा, पुढचं नंतर. तेहतीस वर्षांनी सांगतोय, आणि तेही परक्या बाईच्या तोंडून. दिघीहून चाकणला यायला त्याला वाट नाही? पोरगी आहे की, जयमाला, तिची गाडी आहे. डोळे नाहीत, पाय आहेत ना. अठ्ठ्याहत्तरचा झाला म्हणे. मी शहात्तरचा आहे, मी अजून शिडी चढतो.

आणि हे तुमचं पुस्तक. रविवारी सत्काराला वाटणार हे? मी सातवी नापास, पण वाचतो, सावकाश वाचतो. तुम्ही आत आलात, पाणी प्यायलात, तोवर एवढं एक पान वाचून झालं. 'जन्मांध असलेल्या भीमराज गुरुजींनी मध्यम हा स्वर वर्ज्य करून आपल्या आयुष्यातील प्रकाशाची पोकळी सुरांत मांडली.' आणि त्या धुनेचं नाव काय, तर शून्यमध्यम. कुणी ठेवलं? तुम्हीच ना, वर्षाराणी ताई? कॉलेजात गाणं शिकवता म्हणालात. किळस येते हे वाचून. राग मानू नका, किंवा माना. ज्यानं जन्मात उजेड बघितला नाही त्याला उजेडाची कसली पोकळी? त्याला जिलबी मिळाली नाही तर पोकळी वाटायची. चहात साखर कमी पडली तर वाटायची. उजेडाबद्दल तो एकदाच बोलला, लाइटबिल जास्त आलं तेव्हा.

तुम्हाला माहितेय का तो वाजवायला कसा लागला? यात लिहिलंय, 'दैवी प्रेरणेने'. जत्रेत नाटक मंडळी आली होती. आम्ही पोरं पडद्याकडे तोंड करून बसलो आणि हा नऊ वर्षांचा आंधळा रांगत जाऊन ऑर्गनखाली बसला, भात्याला कान लावून. त्याची आई, सोजराबाई, दंडाला धरून ओढते तर म्हणतो, 'आये, मला हितंच ऱ्हाऊ दे, ह्यो श्वास घेतोय.' मंडळीचा ऑर्गनवाला भला माणूस, ठेवून घेतलं त्यानं. पुढं मंडळी बुडाली, म्हातारा वारला, आणि भीमराज एकविसाव्या वर्षी ऑर्गन टेम्पोत घालून गावात परत आला. दैवी कसलं आलंय त्यात — बारा वर्षं दुसऱ्याच्या पायाशी बसून शिकला. मग कामगारांची नाटकं, स्पर्धा, भजनाचे कार्यक्रम, हळूहळू स्वतः चाली बांधायला लागला. भोसरी, पिंपरी, आळंदी, कुठं म्हणाल तिथं. आणि जिथं तो, तिथं मी.

मी टूलरूमला फिटर होतो. एकदा त्याच्या ऑर्गनचा सूर तुटला. सूर म्हणजे आतली पितळेची जीभ, वारा लागला की थरथरते, तिलाच आमच्यात सूर म्हणतात. पुण्याहून मागवायचा तर महिना लागणार. मी म्हटलं, दाखव. पितळेचा पातळ पत्रा कापला, कानशीनं घासला. शेंड्याला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एक हात जास्त बसला की जीभ वाया. तो शेजारी बसून म्हणायचा, 'अजून केसभर.' मग म्हणायचा, 'बास.' कंपनीत मायक्रोमीटरनं मापत होतो, पण असं माप मी दुसरीकडे कुठं बघितलं नाही. त्या दिवसापासून वीस वर्षं तो ऑर्गन मी उघडला, मीच लावला. उचललाही मीच, ते खरंय. जड वाद्य आहे, कुणीतरी उचलायलाच लागतं.

पानं उलटू नका, माझं नाव नाही त्यात. मी बघितलं.

आता ती धून. तुमची नव्हे — पहिली. तेव्हा सकाळी सातला भोंगे व्हायचे. प्रत्येक कंपनीचा वेगळा. आम्हाला भोंगा म्हणजे पळा, गेट बंद होतंय. त्याला भोंगा म्हणजे सूर. आमच्या कंपनीचा बरोबर काळी तीन. तो काळी एकला सा धरून वाजवायचा, म्हणजे हा त्याचा मध्यम. त्यानं काय केलं — डाव्या हाताचं बोट काळी तीनवर ठेवलं ते उचलायचंच नाही, पायानं भाता चालू, भोंगा वाजतोच आहे. आणि उजव्या हातानं माणसं आणली. सायकली, डब्यांचा खडखडाट, कुणीतरी कुणाला शिवी देतंय, एक जण उशिरा आलाय तो धावतोय — मी होतो तो, मला ओळखू आला. मग एकेक जण आत जातो, वरचे सूर कमी होत जातात, आणि शेवटी रिकाम्या रस्त्यावर नुसता भोंगा. महिनाभर बांधत होता. मी रोज सेकंड शिफ्टला जायच्या आधी त्याच्याकडे ऐकत बसायचो. तिसऱ्या कुणी ऐकलेली नाही ती. घरात कुणी आलं की थांबवायचा. म्हणायचा, चिंचवडच्या बैठकीत एकदम वाजवणार.

तीच ती बैठक, तुमच्या पुस्तकात फोटो आहे. ऑर्गन म्हणजे साथीचं वाद्य, बाजूला बसायचं. एकट्या ऑर्गनची बैठक आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हती. आदल्या दिवशी पुण्याची चार मंडळी आली बघायला, झब्बेवाली. त्यातल्या एकानं माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? भीमराज म्हणाला, 'गेनू. माझा माणूस आहे. ऑर्गन उचलायला असतो.' माझ्या हातात कानस होती तेव्हा. — नाही ताई, त्याला ठाऊक नव्हतं असं बोलू नका. मी खोलीत आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माझ्या चपलांवरून तो सांगायचा मी जेवलोय का उपाशी आहे. मोठ्या लोकांसमोर त्याला गडी असलेला पाहिजे होता, एवढंच. सूर लावणारा फिटर सांगितला तर यांना वाटलं असतं, हा आंधळा दुसऱ्याच्या हातावर चालतो.

मग काय. मग दुसऱ्या दिवशी दुपारी सूर लावायला बसलो. एकेक काढला, लावला, बसवला. काळी तीन काढली. मुळाशी कानशीचे दोन हात मारले. दोनच. बसवून टाकली.

...हे मी सांगणार नव्हतो. चहा आला, घ्या. सून आत गेली ना? दार लोटा जरा.

त्यानं तपासला का नाही, विचारताय. वीस वर्षांत मी लावलेला ऑर्गन त्यानं कधी तपासला नव्हता. सरळ जाऊन बसायचा. त्या संध्याकाळीही तसाच बसला. हॉल भरलेला. बोट ठेवलं काळी तीनवर, भाता मारला, आणि भोंगा उतरलेला, मागचे तंबोरे एकीकडे आणि हा एकीकडे, ऐकवेना. मी विंगेत उभा. म्हटलं आता उठेल, गेनू म्हणून हाक मारील, सगळ्यांसमोर शिवी घालील. मला तेच पाहिजे होतं. म्हणजे सगळ्यांना कळलं असतं सूर कोण लावतं ते. त्यानं बोट उचललं. भाता थांबवला नाही. तंबोरे काळी एकला लावलेले, दुसऱ्या पट्टीत सरकायला जागा नाही. उरलेल्या सुरांतून तिथल्या तिथे दुसरीच धून काढली, चाळीस मिनिटं, मध्यमाला चुकूनही न शिवता. लोक उभे राहिले. पुण्याचा तो झब्बा रडत होता. ही तुमची शून्यमध्यम. देवानं नाही केली, अंधारानं नाही केली. माझ्या कानशीनं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, 'काळी तीन काढ.' काढून दिली. त्यानं जिभेच्या मुळाशी नख फिरवलं. ताजी घासलेली कड नखाला टोचते, जुनी टोचत नाही. एवढा वेळ नख फिरवत होता, की मला वाटलं विचारील. मग हातात परत दिली आणि म्हणाला, 'होती तिथे बसव. ही लावायची नाही आता.'

तेव्हापासून साथीला भजनी मंडळाचा दुसरा ऑर्गन, हा फक्त त्या एका धुनेसाठी. दर पाडव्याच्या आधी मी दिघीला जातो, उघडतो, सगळे सूर लावतो, काळी तीन काढतो, पुसतो, तशीच बेसूर बसवतो. दहा मिनिटांचं काम आहे हो नवी करायचं, आणि तो शेजारी बसून ऐकत असतो मी ते करत नाही ते. बाकी सगळं बोलतो आम्ही. जयमालाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो. या एकावर तो बोलला नाही, मी बोललो नाही. आणि तुम्ही लोक त्याच्यावर लेख लिहिता, मुलं परीक्षेला वाजवतात ती धून, टाळ्या वाजतात आणि मला ओकारी येते. त्याची नाही. तो वाजवतो तेव्हा दरवेळी मध्यमाच्या जागेपाशी येतो आणि वळतो, आणि मला दिसतं तो कुणाला वळसा घालतोय.

आता म्हणतो, लाव. का, तर सत्काराला कुणी गायिका येणार असेल, तिला मध्यम लागत असेल. तेहतीस वर्षांची शिक्षा एका बाईच्या दोन पदांसाठी माफ? माफ करायचं तर तोंडानं कर. मी काय कंपनीचा हेल्पर आहे, निरोप आला की—

काय? गायिका नाही? मग मध्यम कशाला पाहिजे त्याला?

बोला. मघाशी मी बोलू दिलं नाही, ते खरं. आता बोला.

...असं म्हणाला? तुम्हाला म्हणाला? 'गेनूनं ऐकलीय ती वाजवायचीय.'

तेहतीस वर्षं झाली. त्याला सगळी आठवते?

थांबा, कप ठेवू द्या खाली.

...लोक विचारतील, ही कुठं होती इतकी वर्षं. तो सांगणार नाही. मरेल पण सांगणार नाही, ओळखतो मी त्याला. म्हणजे ते माझ्यावर आलं. बेरकी आहे आंधळा. नव्या जिभेचा आवाज ऐकल्यावर तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांना नाही कळलं, तरी तिथं बसलेला एखादा म्हातारा पेटीवाला विचारीलच, काळी तीन आता कुणी लावली.

शनिवारी सकाळी येतो म्हणावं. दिघीला, घरी. गाडी पाठवू नका, मी बसनं येईन. त्या वेळी खोलीत तुम्ही नको, जयमाला नको, फोटोवाला तर मुळीच नको. जुनी जीभ चालणार नाही, मुळाशी गेलेलं पितळ परत येत नाही, नवीनच करायला लागेल. तो 'बास' म्हणेपर्यंत घासीन. रविवारी सत्काराला मी मागं बसेन, शाल दिली तर फेकून देईन, आधीच सांगतो.

आणि हे पान फाडा. मी सांगितलं ते लिहा, सगळं लिहा, कानशीसकट. उचलणारा लिहू नका. उठा आता. अंधार पडायच्या आत मला पत्रा शोधायचाय.