तळ्यातल्या हॉटेलची चव

तळ्यातलं बंद पडलेलं हॉटेल पुन्हा चालू करायच्या जिद्दीनं वर्षाराणी नांदेडला होडी बघायला निघाली होती. लातूरच्या बसस्टँडवर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडलं, अन् तिनं कान टवकारले.

"ते तळ्यातलं हॉटेल आठवतं का गं? होडीत बसून जायचो."

"न आठवायला काय झालं! दोन घास जास्तीच जायचे तिथं."

"मालक बी लई दिलदार. सोता पाणी आणून द्यायचा."

"कांदा फोडून द्यायचा. कधी तोंड वाकडं केलं न्हाई."

वर्षाराणीला राहवेना. "आजोबा, तिथलं काय आवडायचं तुम्हाला?"

"भाकर अन् शेंगाची चटणी. हिच्या हातची!"

"अन् हॉटेलातलं?"

"हॉटेलातलं कोण खातंय, बाई? समदं गाव डबा घेऊनच जायचं."

"मग बंद कशानं पडलं?"

"लोकान्ला कदर न्हाई, दुसरं काय!"

"तेच हॉटेल मी पुन्हा चालू करून राहिले, आजोबा."

म्हातारा हरखलाच. बायकोकडं वळून म्हणाला, "ऐकलंस का? आता लेकी-जावयांना बी घेऊन जाऊ. चटणी जरा जास्तीच कूट!"