पिवळा पट्टा

तुम्ही गाडीच्या डिस्क घ्यायला निघालाच आहात, तर चहा होईतो माझं ऐका. शाळा काही मी पाहिली नाही, म्हणून दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यात मला वाचावं लागणार नाही असं काम मिळालं. ब्रेकच्या ज्या डिस्कला बारीक चीर दिसेल, तिच्यावर ब्रशने पिवळा पट्टा ओढायचा. पट्टा म्हणजे माल बाद, वितळवायला जाणार. माझं एक बोट अर्धं आहे, त्यामुळे माझ्या पट्ट्याला शेवटी शेपूट यायचं.

रिटायर झाल्यावर एकदा जावयांबरोबर पार्टच्या दुकानात गेलो. ब्रेक दाबला की त्यांची गाडी थरथरायची. दुकानदाराने आधी पॅड दाखवले, मग खोक्यातून डिस्क काढली.

"बाबूजी, ये पीला निशान देखिए. कंपनी का चेकिंग पास. नकली में नहीं मिलेगा."

जावई खूश. "बाबा, ह्याच घेऊ. गेल्या वर्षीही असाच पट्टा बघून घेतल्या होत्या."

मी डिस्क उजेडात धरली. पट्ट्याला शेपूट होतं.

"भैया, ये तो रद्दी माल है. ये पट्टा मैंने खुद मारा है."

तो हसला. "अच्छा! तो आपसे बढ़िया गारंटी कौन देगा?"

बाहेर गाडीत लेक नातीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हटलं, "उतर गं, आज ऑटोने जाऊ."

"का बाबा? डिस्क मिळाल्या नाहीत का?"

"मिळाल्या. वर्षभर गाडीलाच आहेत."