दहापैकी सात

...आणि खोटारडी कोण, तर मी! नाही, तुम्हीच सांगा आता. आख्ख्या जिन्यात आजवर मला कुणी आगाऊ म्हणालं असेल, भोचक म्हणालं असेल, ते मी नाकारतच नाही, भोचक आहेच मी, शेजारच्या दाराशी चप्पल कुणाची आहे हे बघितल्याशिवाय माझ्या हातून दूध तापवलं जात नाही... पण खोटारडी? तेही पत्त्यांवरून? ह्या वयात?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं बाई जुगाराला लागली.

आमच्या भिंतीला भिंत लागून चष्मेवाली राहते. म्हणजे चष्म्यांचं दुकान आहे तिचं, पोरगी गुणी आहे, एकटी राहते, कपडे मात्र फार वेळ दोरीवर ठेवते, पण ते जाऊ दे. तर दर रविवारी दुपारी तिच्याकडे एक दातांचा डॉक्टर आणि एक गणिताचे मास्तर यायचे. चौथाही एक होता, त्याची बदली झाली. दार बंद! आणि आतून काय ऐकू यावं? "माझा राक्षस मेला!" "थांब, ड्रॅगन सोडते तुझ्यावर!" आणि मग हसणं... असं हसणं की आमच्या भिंतीवरचं घड्याळ हलायचं. आणि भिंतीच्या अलीकडे काय? आमचे हे. आडवे. तोंडावर पेपर. पेपर वर जातोय, पेपर खाली येतोय. इतक्या वर्षांच्या संसारात रविवारी दुपारी मी जे काही बोलले ते त्या पेपरशी बोलले. मग बाईने भिंतीला कान लावायचा नाही तर काय करायचं?

शेवटी एकदा गेले, स्क्रूड्रायव्हर मागायला. होते घरात, चांगले दोन होते. तर चष्मेवाली म्हणते, "काकू, बसता का? चौथं माणूस नाहीये आम्हाला." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बसले होते! पण मास्तर... मास्तरांचं सगळंच मोजूनमापून. "बसू देत काही रविवार," म्हणाले, "जमलं तर ठीक, नाहीतर वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आहेतच. बुद्धिबळ उत्तम खेळतात." म्हणजे बघा, खुर्ची दिली, पण परीक्षेवर! मी मनात म्हटलं, बाई, ही खुर्ची सोडायची नाही. परत त्या पेपरसमोर जाऊन बसायचं नाही.

आता हा खेळ म्हणजे आपले बावन्न पत्ते नव्हेत. ज्याचा कॅट त्याने जमवून आणायचा, डेक म्हणतात ते त्याला. पत्त्यांवर जनावरं, भुतं, चेटकिणी, काय वाट्टेल ते. आपली फौज मांडायची आणि दुसऱ्याला झोडपायचं. पण कुणाचा कॅट भारी, कुणाचा फुसका, मग जोड बरोबरीची व्हायला नको? म्हणून खेळायच्या आधी प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं, आपला कॅट दहापैकी किती ताकदीचा. ते ऐकून बाकीच्यांनी तोडीस तोड कॅट पिशवीतून काढायचा. किती छान पद्धत, नाही? मलाही तसंच वाटलं होतं.

चष्मेवालीने मला तिच्याकडच्या नकोशा पत्त्यांचं खोकं दिलं. त्यात उंदीर होते. कुणी घेत नव्हतं त्यांना, एवढेएवढेसे, शेपट्या वर करून बसलेले. मला दया आली, सगळे घेतले. झाला माझा कॅट तयार!

पहिला रविवार. मास्तर विचारतात, "काकू, तुमचा डेक कितीचा?"

आता मला सांगा, घरी आलेलं माणूस म्हणालं, घर किती छान ठेवलंय हो, तर आपण काय म्हणतो? "कुठलं हो, पसारा नुसता!" नवा कपडा बघून कुणी सुंदर म्हणालं, तर? "छे, जुनाच आहे, कपाटात पडला होता!" पोरगी वर्गात पहिली आली, तर? "अभ्यास कुठे करते, जरा नशीब चांगलं!" तोंडाला वळणच ते! आपल्या वस्तूला आपणच चांगलं म्हणायचं, हे मला तरी कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणाले, "कसला हो डेक, उंदीर आहेत चार. दोन धरा."

तिघांचे चेहरे असे पाघळले म्हणता! दातवाला म्हणजे तर बोलणंच असं की तुमच्या तोंडात आधीच यंत्र घातलंय, "आपण हलकेच डेक काढू या हं... काकूंना अजिबात दुखणार नाही." त्याने फुलपाखरं काढली. चष्मेवालीने कसलीशी बाग काढली. मास्तरांनी नवशिक्यांना शिकवायचे शिपाई काढले.

आणि मी उंदीर मांडला. आता त्या उंदरावर लिहिलंय की तो आला की दुसऱ्याला बोलावतो. दुसरा तिसऱ्याला. मी काय मनाने केलं? त्यात खोक्याच्या तळाशी एक उंदीरमामी सापडली होती, ती आली की सगळे उंदीर रेड्याएवढे होतात. ती आली. फुलपाखरं गेली, शिपाई गेले, बाग मुळासकट गेली. मी तर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या! मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काकू. दोन?"

"नशीब हो," मी म्हटलं.

"हा दोनचा डेक नाही. ह्याला खोटं सांगणं म्हणतात."

दातवाला गाल धरून म्हणतो, "थोडं दुखलं."

बघा! मी नम्रपणा केला, माझ्या आईने लावलेलं वळण पाळलं, आणि म्हणे खोटारडी मी!

बरं, ठीक आहे. नम्रपणा चालत नाही ना तुम्हाला? पुढच्या रविवारी तोच कॅट, तेच उंदीर, मी टेबलावर थाप मारून सांगितलं, "नऊ!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि पिशव्यांच्या तळातून काळी खोकी निघाली हो... एकेका पत्त्याला प्लास्टिकचं जाकीट, जाकिटावर जाकीट, आमच्या लेकराला थंडीत इतके कपडे मी घातले नाहीत! माझा दुसरा उंदीर बसायचा होता, तेवढ्यात दातवाल्याचा ड्रॅगन आला आणि आख्खं कुटुंब जाळून गेला. मामी तर माझ्या हातातच राहिली. मी बाद! मग बसले गालाला हात लावून, त्या तिघांची लढाई बघत, दिवे लावायची वेळ होईपर्यंत.

वर चष्मेवाली, जिची पार्सलं मी घेते, जिच्या कुंड्यांना मी पाणी घालते ती चष्मेवाली, म्हणते, "काकू, तुम्ही नऊ म्हणालात म्हणून काढले हो आम्ही हे. असं उगाच वाढवून सांगू नये."

आणि मास्तर, "मी पेन्शनरसाहेबांशी बोलून ठेवतो."

कमी सांगितलं तरी मी, जास्त सांगितलं तरी मी! आणि पेन्शनर म्हणजे काय हो, जिन्यात भेटले, हातात पत्त्यांचं नवं कोरं खोकं, आणि मिशीतल्या मिशीत, "काय उंदीरवाल्या बाई, बरं आहे ना?" माझ्या हातात कचऱ्याचा डबा होता. कसा आवरला माझं मला माहीत.

आता तुम्ही विचाराल, हे तिघं स्वतः किती सांगतात? विचारा ना! सात. फुलपाखरं आणली तरी सात, ड्रॅगन आणला तरी सात! मी कान देऊन ऐकलंय. मास्तर, "सात. म्हणजे काटेकोर सरासरी काढली तर सहा पूर्णांक आठ." दातवाला, "सातच हो, काही कळणारसुद्धा नाही तुम्हाला." आणि चष्मेवाली, "सात असेल बाई, तोच आपला जुना."

तोच जुना? गुरुवारी कुरियरवाला आला, तिच्या दाराला कुलूप, सही कुणी केली? मी केली! पाकीट उघडलं नाही हं, तसली नाही मी. उजेडासमोर धरलं फक्त. आत एक श्वापद होतं, दात मोजता येत नव्हते इतके. तोच जुना म्हणे! आणि दातवाला, शनिवारी जिन्यात उभा राहून फोनवर सांगत होता, "उद्या तिघांनाही दुसऱ्याच फेरीत झोपवतो." जिन्यात बोलायचं आणि मी ऐकायचं नाही, हे कसं जमायचं?

तर उजाडला रविवार. बघते तर कोपऱ्यात स्टुलावर पेन्शनर. "नुसते बघायला आलेत," म्हणे. मांडीवर खोकं घेऊन? नुसतं बघायला?

मास्तर म्हणाले, "सात."

दातवाला म्हणाला, "सात."

चष्मेवाली नवा कॅट पिसत, माझ्या डोळ्यांत बघून, "सात बाई, तोच जुना."

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं! पाकीट, फोन, श्वापदाचे दात... एका दमात तिघांना उघडं पाडलं असतं! पण पेन्शनर स्टूल जरासं पुढे सरकवत होते. आणि भिंतीपलीकडून, ऐका, इतक्या शांततेत मला स्पष्ट ऐकू आलं... पेपर वर जात होता, पेपर खाली येत होता.

"काकू, तुमचा?"

मी गिळलं. आख्खं गिळलं. म्हटलं, "सात."

"हां!" मास्तर खुलले. "आता जमलं बघा काकूंना! किती प्रामाणिकपणे सांगितलंत!"

तिसऱ्या फेरीत त्या श्वापदाने माझे उंदीर शेपट्यांसकट खाल्ले, आणि चष्मेवाली तोंडावर हात ठेवून म्हणते, "अगं बाई, नशीबच!" मी म्हटलं, "नशीबच हो." पेन्शनर खोकं काखेत मारून वर गेले. खुर्ची माझी झाली. उशीसुद्धा लावून दिली पोरीने खुर्चीला.

म्हणजे बघा, मनापासून बोलले तेव्हा दोनदा खोटारडी, आणि ठरवून, समजून-उमजून, सगळ्यांच्या सुरात खोटं बोलले, तेव्हा उशी!

असो. तुम्ही इतका वेळ माझं रडगाणं ऐकून घेतलंत, तुमचं सांगा. अगदी खरं खरं. कसं वाटलं, दहापैकी किती द्याल?

...सात?

हं. या, खुर्ची ओढून घ्या.