पहिला हात

जरा जवळ सरका, सभागृहाच्या दारातली एक गोष्ट सांगतो. हृदयविकारावर डॉक्टरांचं व्याख्यान होतं. रांगेत नणंद-भावजय बोलत होत्या आणि श्रोत्यांत माइक फिरवणारे काका कान देऊन ऐकत होते. गेल्या खेपेला कुणीच प्रश्न न विचारल्यानं त्यांनी माइक तसाच परत नेला होता.

"वहिनी, खरंच प्रश्न विचारणार?"

"विचारणार. पहिला हात नेहमी ह्यांचा असायचा; हे वारल्यापासून कुणी तो वर करत नाही. आत सगळे गप्प, बाहेर आल्यावर कुजबुज."

"काय विचारणार?"

"हृदय नेमकं कुठल्या बाजूला असतं?"

"अहो, लोक हसतील."

"हसू देत. तुमच्या दादांना उत्तर ठाऊक असायचं, तरी मुद्दाम असाच साधा प्रश्न विचारायचे. हसले की लोकांची भीड मोडते, म्हणायचे."

"पण तुम्ही तर सभेत कधी बोलला नाहीत."

"आज बोलेन. हात वर गेला म्हणजे झालं."

व्याख्यान संपलं. "कुणाला काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनींचा हात वर गेला. काका माइक घेऊन शेजारीच उभे होते. प्रश्न ऐकून सभागृह खळखळून हसलं. मग मागून एकजण उठला.

"डॉक्टर, माझ्या छातीत दुखतं. घरी सांगितलेलं नाही. काय करू?"

मंडळी, सभेला गेलात तर त्या वहिनींच्या यजमानांची आठवण असू द्या.