खिंडीतला घोडा

एर्मेकच्या पणजोबांचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला की शाळेला त्यांचं नाव लागणार होतं आणि एर्मेकला निवडणुकीत मतं पडणार होती. कमी होती ती साक्षीची. म्हणून नारीन शहराला जाणाऱ्या मिनीबसमध्ये, माझ्या पुढच्याच बाकावर, तो गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या सायराकानला पटवत होता.

"आजी, उद्या माइकवर एवढंच सांगा. झारच्या सैन्यासमोर त्यांना खिंड लढवताना तुमच्या आईनं पाहिलं."

"पाहिलं ना! आमच्याच घोड्यावर."

"तुमच्या?"

"गाव चीनकडे पळत होता तेव्हा त्यांनी तो माझ्या आजीकडून हिसकावून घेतला. मग एकटे मागे फिरले, खिंड धरली, अख्खा गाव वाचला. वीरच होते रे, बाबा."

"मग झालं तर!"

"घोड्यावर पाळणा बांधला होता, त्यात माझ्या आईची तान्ही बहीण. तो सोडून त्यांनी बर्फात ठेवला. दोन मुली उचलून आजीला चालवेना. तिनं माझ्या आईला उचललं."

एर्मेकच्या मुठीतल्या सूर्यफुलाच्या बिया खाली सांडल्या.

"आजी... त्या तान्हीचंही नाव कोरू. पुतळ्याखालीच. काय होतं?"

"तुझ्या पणजोबांचा पुतळा होईल, आमच्या घोड्याचाही होईल. किंमत मोजली तिनं, आणि तिचं नाव ठेवायचंच राहिलं होतं."